स्तनातले कॅल्शियमचे कण शोधण्यासाठी कोणती तपासणी? नाशिकमधील मुंबई नाक्याजवळील एका इमेजिंग सेंटरचा अनुभव

माझी ताई ५४ वर्षांची आहे. स्तनात जडपणा जाणवतो म्हणून तिने इंदिरानगरमध्ये घराजवळच सोनोग्राफी करून घेतली, गाठ नसल्याचा रिपोर्ट आला आणि घरातले सगळे निर्धास्त झाले. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मात्र, या वयापर्यंत एकदाही मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) झालेली नाही हे लक्षात आल्यावर, आम्हाला मुंबई नाक्याजवळच्या या सेंटरमध्ये पाठवले. तिथे डाव्या स्तनात कॅल्शियमच्या बारीक कणांचा पुंजका दिसला.

येथील टेक्निशियनबाईंचे काम मला फार आवडले. त्यांनी आधी ओल्या कापसाने ताईची काख आणि स्तनाखालची त्वचा पुसून घेतली, कारण पावडर किंवा डिओडरंटचे कण चित्रात हुबेहूब कॅल्शियमसारखे उमटतात. मशीनमध्ये स्तनावर दाब देताना त्या प्रत्येक वेळी सांगत होत्या, त्यामुळे दुखले तरी ताई घाबरली नाही. पुंजका दिसताच रेडिओलॉजिस्टनी त्याच दिवशी मॅग्निफिकेशन व्ह्यू, म्हणजे त्या भागाची मोठी करून घेतलेली चित्रे, काढायला सांगितले. त्यासाठी स्तन उंच फळीवर, म्हणजे डिटेक्टरपासून दूर ठेवतात आणि क्ष-किरणांचा अगदी बारीक फोकस वापरतात. त्यामुळे कणांचा आकार आणि त्यांची मांडणी स्पष्ट होते. रेषेसारखे, फांद्या फुटलेले कण कर्करोगाच्या दृष्टीने संशयास्पद ठरतात, तर ताईचे कण गोल आणि टिंबासारखे होते. रिपोर्टमध्ये बायरॅड्स ३ असे आले; बायरॅड्स म्हणजे स्तनांच्या तपासणीतले निष्कर्ष श्रेणींत मांडण्याची पद्धत. या श्रेणीत कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त धरली जात नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली जाते.

सोनोग्राफीत हे का दिसले नाही, असे मी विचारले, तेव्हा रेडिओलॉजिस्टनी घाई न करता पडद्यावर दोन्ही चित्रे लावून दाखवली. घट्ट ऊतींच्या स्तनातली गाठ किंवा पाण्याची गाठ ओळखायला सोनोग्राफी उत्तम आहे, पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान कण तिच्यात बहुधा निसटतात. एमआरआयमध्ये कॅल्शियम थेट दिसतच नाही, तिथे इंजेक्शनचे औषध कुठे साठते हे पाहतात. म्हणून एमआरआय स्वच्छ आला तरी मॅमोग्राफीतले संशयास्पद कण बाजूला सारता येत नाहीत. थ्रीडी मॅमोग्राफीबद्दल मी बरेच ऐकले होते. ती एकावर एक आलेल्या ऊती थराथराने वेगळ्या करून दाखवते, पण पुंजक्यातले कण वेगवेगळ्या थरांत विखुरले गेल्यास तो पुंजका आहे हेच चटकन ध्यानात येत नाही, त्यामुळे सोबत टूडी चित्र लागते. जास्त पैशांची तपासणी म्हणजे जास्त चांगली, हा माझा समज इथे दूर झाला.

दोन तक्रारी आहेत. मॅग्निफिकेशनचे पैसे वेगळे लागतील हे बिल हातात येईपर्यंत कोणी सांगितले नाही. कपडे बदलण्याच्या खोलीचा पडदा इतका अपुरा आहे की ताई मला बाहेर उभे करून कपडे बदलत होती. जिथे फक्त बायकाच या तपासणीला येतात, तिथे एक धड दार बसवणे अवघड नसावे.

तरीही सहा महिन्यांनी आम्ही येथेच येणार आहोत. चित्रांची सीडी मागून घेतली आहे, कारण पुढच्या वेळी कण वाढले की तसेच आहेत, हे या चित्रांशी ताडूनच ठरणार आहे.