रेडमाइन: काही महिन्यांच्या वापरानंतर, आता बोर्डाशिवाय

रेडमाइन, म्हणजे टीमची कामं आणि तास नोंदवायचं आमचं टूल, पाचव्या आवृत्तीवरून सहाव्यावर अपग्रेड केलं आणि सोमवारी ऐन स्टँडअपला (रोजची छोटी मीटिंग) कानबान बोर्डाच्या (कामांची कार्डं रकान्यांतून पुढे सरकवायचा फलक) जागी 'इंटर्नल एरर'. रेडमाइन धडधाकट होतं, गचकलं होतं ते बोर्डाचं प्लगिन, म्हणजे बाहेरच्या कोणी लिहिलेली जोडणी. सहाला खाली रेल्स ७.२ (रेडमाइन ज्या फ्रेमवर्कवर उभं आहे ते) लागतं, आणि प्लगिनवाल्याने कोडला कधीचा हात लावलेला नाही. नुसतं फोल्डर उडवून भागत नाही. आधी प्लगिनचं मायग्रेशन शून्यावर न्यायचं, म्हणजे डेटाबेसमधली त्याची टेबलं जातात, मग फोल्डर, मग रीस्टार्ट. सकाळ त्यातच गेली.

२००६ पासून चालू असलेल्या टूलमध्ये कार्ड ओढून 'डन'मध्ये टाकायची सोय आजही मुळात नाही, हे मला पटतच नाही. स्प्रिंटही (ठरावीक आठवड्यांचा कामाचा टप्पा) नाही, पण 'व्हर्जन'लाच स्प्रिंट मानून तारीख दिली की रोडमॅपवर पट्टी भरत जाते, ते चालतं. गँट चार्ट (कामांचं तारखांनुसार आडव्या पट्ट्यांचं वेळापत्रक) मात्र दिलाय, जो आमच्याकडे कोणी उघडूनही बघत नाही. आणि बोर्ड नाही!

तात्पुरती सोय म्हणून टिकेटांची (नोंदवलेल्या कामांची) यादी स्टेटसनुसार ग्रुप केली आणि ती क्वेरी सगळ्यांसाठी सेव्ह केली. यादीत राइट-क्लिक केलं की तिथल्या तिथे स्टेटस बदलतं, चार-पाच टिकेटं एकदम निवडूनसुद्धा. आता टेस्टर मंडळीच म्हणतात, ओढाओढीपेक्षा हेच बरं. त्यामुळे दुसरं प्लगिन शोधायचा बेत मी रद्द केलाय. (राग गेलेला नाही.)

खरी मजा कमिट मेसेजमध्ये, म्हणजे कोडमधला बदल नोंदवताना लिहितो त्या ओळीत. टिकेट नंबरानंतर @ लावून तास लिहिले की टाइमशीट आपोआप भरते. सेटिंग्जमध्ये रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) टॅबवर हे चालू करावं लागतं. गिटची बेअर कॉपी (कोडचा नुसता इतिहास असलेली प्रत) मात्र त्याच सर्व्हरवर हवी, आणि कोणी रिपॉझिटरीचं पान उघडेपर्यंत नवे कमिट दिसत नाहीत, म्हणून क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कमांड) लावा. शुक्रवारी संध्याकाळी 'तास भरा रे' म्हणून मागे लागणं बंद झालं.

माणशी दरमहा पैसे मोजायचे नाहीत, एका साध्या सर्व्हरच्या भाड्यात अख्खी टीम बसते. एवढ्यासाठी मी अजून बऱ्याच कटकटी सोसेन. फक्त बॅकअपला डेटाबेससोबत फाइल्सचं फोल्डरही घ्या, अटॅचमेंट सगळ्या तिथेच असतात.