गूगल फोटोज आणि आत्याबाईंचे पुसलेले व्हिडिओ

गूगल फोटोज बहुतेक लोक छायाचित्रे ठेवण्यासाठी आणि पाहण्यासाठी वापरतात. मी येथे तिचे परीक्षण पुसलेले व्हिडिओ परत मिळवून देणारी सेवा म्हणून करणार आहे, कारण बडोद्यातील आमच्या घराला तिची खरी गरज त्याच कामासाठी पडली. माझे मत आधीच सांगते. ज्या व्हिडिओची प्रत पुसण्यापूर्वी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील गूगलच्या साठ्यात, पोहोचलेली असते, त्याच्या बाबतीत ही सेवा अत्यंत भरवशाची आहे. ज्याची प्रत पोहोचलेली नसते, त्याच्यासाठी ती पहिल्या तीस दिवसांनंतर काहीही करू शकत नाही, आणि आजच्या फोनच्या अंतर्गत साठ्यातून असा व्हिडिओ हमखास काढून देतो म्हणणाऱ्या दुकानाला किंवा ॲपला पैसे देऊ नयेत.

दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंनी अनेक वर्षे मुलांना गाणे शिकवले. कीर्तनातील पदे, अभंग, भोंडल्याची गाणी असे जे जे त्यांना येते ते आतेभाऊ सवडीने त्यांच्याच फोनवर चित्रित करून ठेवत असे. कार्तिकी एकादशीला मांडवीकडच्या विठ्ठल मंदिराचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो, त्या वेळी त्यांनी म्हटलेला एक अभंगही त्यात होता. फोनमधील जागा संपत आल्याच्या सूचना सारख्या येऊ लागल्या, तेव्हा त्याने गूगल फोटोज उघडून सर्वांत मोठे व्हिडिओ निवडले आणि पुसून टाकले. ते क्लाउडवर आहेत, म्हणून तेथे राहतीलच, अशी त्याची समजूत होती. तशीच समजूत मी आणखी कितीतरी घरांत पाहिली आहे, आणि या सेवेवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप याच जागी आहे.

प्रत घेतलेला व्हिडिओ गूगल फोटोजमध्ये पुसला की तो फोनमधून आणि क्लाउडवरून अशा दोन्ही ठिकाणांहून जातो. केवळ फोनमधील जागा मोकळी करायची असेल, तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे, आणि एखाद्याच व्हिडिओपुरते तेच काम ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ करते. या दोहोंमध्ये क्लाउडवरची प्रत सुरक्षित राहते. याउलट फोन बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीतून व्हिडिओ पुसला, तर गूगलकडील प्रत सहसा तशीच राहते. म्हणजे दिसायला एकच असलेल्या कृतीचा परिणाम ती कोणत्या ॲपमध्ये केली त्यावर ठरतो. पुसण्यापूर्वी इशारा येतो हे खरे. परंतु घाईत असलेला किंवा इंग्रजीशी फारसा सराव नसलेला माणूस तो वाचून थांबेल, असे मानणे वाजवी नाही. वयस्कर माणसांचे फोन हाताळणाऱ्या सर्वांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

हा आक्षेप नोंदवल्यावर सेवेचा जो गुण आमच्या उपयोगी पडला तोही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. पुसलेली वस्तू लगेच नष्ट होत नाही. ती ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’ या नावाच्या विभागात जाते आणि प्रत घेतलेली असल्यास तेथे ६० दिवस राहते. प्रत घेतलेली नसेल, तर ही मुदत ३० दिवसांची आहे. आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’ अल्बममध्येही मुदत साधारण ३० दिवसांचीच असते आणि सॅमसंगच्या गॅलरीतही तेवढीच मिळते. आमच्या घरी व्हिडिओ गेल्याचे लक्षात आले तेव्हा महिना उलटून गेला होता. तीस दिवसांची मुदत असती तर आत्याबाईंचा अभंग कायमचा गेला असता. साठ दिवसांच्या मुदतीमुळे तो मिळाला. व्हिडिओवर बोट दाबून धरायचे आणि ‘रीस्टोर’ निवडायचे, एवढेच करावे लागले. परत आलेले व्हिडिओ आपापल्या मूळ तारखेला आणि पूर्वी ज्या अल्बममध्ये होते त्याच अल्बममध्ये जाऊन बसले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण जुन्या चित्रणाची ओळख त्याच्या तारखेवरूनच पटते. मात्र हा विभाग कोणी हाताने रिकामा केला, तर त्यातील वस्तू परत मिळत नाहीत, म्हणून शोध पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू देऊ नये.

शोध घेताना खाते कोणते हे प्रथम तपासावे. आपल्याकडे नवा फोन घेताना दुकानातील मुलगा तेथल्या तेथे एक नवे गूगल खाते उघडून देतो, त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो, आणि पुढे फोन बदलला की ते खाते विस्मरणात जाते. आत्याबाईंच्या जुन्या फोनचे असे एक खाते सापडले आणि त्यातही काही चित्रण निघाले. अशा खात्याची आठवण वेळेत होणे आवश्यक आहे, कारण दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते त्यातील सर्व वस्तूंसह हटवण्याचे गूगलचे धोरण आहे.

शिष्यांनी आत्याबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवलेले व्हिडिओ मात्र मिळाले नाहीत. गूगल फोटोज मुख्यतः कॅमेऱ्याच्या फोल्डरची प्रत आपोआप घेते. व्हॉट्सॲपचे फोल्डर वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावे लागते, आणि ते या फोनवर कधीच चालू केलेले नव्हते. शेवटी ज्यांनी पाठवले होते त्यांच्याकडून ते पुन्हा मागवावे लागले. त्यांतील काही आले, पण व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करते, त्यामुळे तंबोऱ्याचा नाद त्यात क्षीण झालेला आहे.

याच व्हिडिओंसाठी आम्ही दुकानांची मदत घेऊन पाहिली. शहरातील एका दुकानदाराने फोन पाहण्याआधीच सर्व काही परत मिळेल असे सांगून आगाऊ रक्कम घेतली आणि पुढे जे हाती दिले ती केवळ लहान, धूसर चित्रे होती. पुनर्प्राप्तीची बहुतेक ॲप्सही फोनमध्ये उरलेली अशीच लघुचित्रे गोळा करून दाखवतात. त्याचे कारण तांत्रिक आहे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये साठा फाइलनिहाय कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असणे बंधनकारक आहे, आणि पुसलेल्या फाइलची जागा फोन स्वतःच मागाहून साफ करून टाकतो. तेथे मागे काही उरले तरी ते वाचता येत नाही. दुसऱ्या दुकानातील तंत्रज्ञाने हे पहिल्याच भेटीत समजावून सांगितले, फोनसाठी पैसे घेण्यास नकार दिला, आणि जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड होते का, असे विचारले. त्या प्रश्नासाठी मी त्यांची ऋणी आहे.

कार्डाचे गणित वेगळे असते. साध्या मेमरी कार्डावर फाइल पुसली की तिची फक्त नोंद जाते. मूळ मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. आत्याबाईंचे कार्ड पुसल्यानंतर वापरलेले नव्हते, म्हणून फोटोरेक या विनामूल्य प्रणालीने त्यातील बरेच व्हिडिओ परत आले. ही प्रणाली फाइलच्या आतील खुणा ओळखून काम करते, त्यामुळे मूळ नावे मिळत नाहीत, तारखाही बहुधा हरवतात, आणि ज्या व्हिडिओचे तुकडे कार्डावर विखुरलेले असतात तो अर्ध्यावर थांबतो किंवा चालतच नाही. तरीही कार्ड लगेच बाहेर काढून बाजूला ठेवले, तर आशा धरण्यास जागा आहे. मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर कधीही उतरवून घेऊ नयेत.

आता खर्चाविषयी थोडेसे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत जागा बंद झाली, आणि जीमेल, ड्राइव्ह व फोटोज मिळून १५ जीबी एवढीच जागा विनामूल्य मिळते. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ती ५ जीबी आहे. ही जागा भरली की प्रत घेणे थांबते, आणि त्यानंतर चित्रित केलेला प्रत्येक व्हिडिओ फक्त फोनच्या भरवशावर राहतो. ज्या घरात व्हिडिओ जास्त आहेत त्याने १०० जीबीची सशुल्क योजना घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय ठेवल्यास व्हिडिओ कमाल १०८० पी दर्जात साठतो. घरगुती पाहण्यासाठी तो पुरेसा आहे, परंतु गायनाचे चित्रण जतन करणाऱ्यांनी मूळ दर्जाच निवडावा.

आत्याबाईंच्या फोनवर आता व्हॉट्सॲपच्या फोल्डरची प्रतही घेतली जाते, आणि ‘पार्टनर शेअरिंग’द्वारे त्यांचे सर्व चित्रण आतेभावाच्या खात्यात आपोआप जतन होते, अशा रीतीने जतन झालेली प्रत आत्याबाईंच्या फोनवर काही पुसले गेले तरी राहते, पण ती त्याच्या खात्यातील जागा व्यापते हे ध्यानात ठेवावे. याखेरीज गूगल टेकआउट ही आपली सर्व माहिती उतरवून घेण्याची गूगलची सोय वापरून संपूर्ण संग्रह बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतला आहे. त्यात प्रत्येक व्हिडिओसोबत एक जेसन फाइल, म्हणजे माहितीची छोटी मजकूर-फाइल, येते आणि तारखेची माहिती तिच्यात असते, म्हणून त्या फाइली निरुपयोगी समजून काढून टाकू नयेत.