पिरारुकू घेताना: आधी बिल्ला, मग मासा

ब्राझीलमधल्या मनाउस शहरात निग्रो नदीच्या काठावर आदोल्फो लिस्बोआ हा १८८३ सालचा लोखंडी बाजार आहे. तिथल्या मासळीच्या दालनात पिरारुकू हा अमेझॉनचा महाकाय मासा तीन रूपांत दिसतो: राखणीच्या तळ्यातला, शेततळ्यात वाढवलेला आणि खारवलेला. तिन्हींना नाव एकच, पण भाव, चव आणि फसण्याच्या जागा निराळ्या. पहिला डोळे झाकून घ्यावा असा नाही, पण नीट पारखून घेतला तर तिघांत तोच सरस.

हा मासा दोन मीटरच्या पुढे जातो, शंभर किलोही भरतो. कल्ले असूनही त्याचं त्यांवर भागत नाही. दर ५ ते १५ मिनिटांनी वर येऊन हवा घ्यावीच लागते. ती साठते फुप्फुसासारख्या झालेल्या वाताशयात, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीत. या सवयीमुळेच भाल्याने मारणं सोपं झालं आणि मासा संपत आला. १९९६ मध्ये आमाझोनास राज्यात त्याच्या मासेमारीवर बंदी आली. १९९९ पासून त्याच राज्यातल्या मामिराउआ राखीव क्षेत्रात त्याच सवयीवर उलटा हिशेब बसवला गेला: कोळी तळ्याचे भाग पाडून २० मिनिटं वर येणारे मासे मोजतात, दीड मीटरच्या वरचे वेगळे आणि लहान वेगळे. मोठ्यांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के धरायची परवानगी मिळते. अमेझॉनला मिळणाऱ्या जुरुआ नदीवरच्या एका पाहणीत राखण असलेल्या तळ्यांत सरासरी ३०५ मासे निघाले, मोकाट तळ्यांत ९.

राखणीतल्या या माशाला नंबर असलेला बिल्ला लावतात. आख्खा मासा असेल तर तो दाखवायला सांगा; तुकडे झाले असतील तर त्या मालाचा कागद मागा. विक्रेता कुरकुरला तर पुढच्या गाळ्यावर जावं. मोसमही लक्षात ठेवा. डिसेंबर ते मे धरायला बंदी असते आणि राखणीची मासेमारी पाणी उतरल्यावर, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये होते. मार्चमध्ये कोणी ‘आजच आलाय, रानचा आहे’ म्हणालं, तर तो एक तर बर्फातला जुना, नाही तर शेततळ्यातला, नाही तर चोरीचा.

खरा दोष बर्फाचा. तळं ते शहर हा होडीचा प्रवास लांबचा, आणि बर्फ कमी पडला की मांस सैल होऊन थरांमध्ये फाटतं. बोट दाबून पाहावं: खळगा लगेच भरला पाहिजे. रंग पांढरा ते फिका गुलाबी हवा. कडा पिवळसर असतील तर चरबी खवट झालेली असते. पाठीचा तुकडा जाड आणि कमी चरबीचा, पोटाचा तुकडा तुपाळ. रोहू-कटल्याला असतात तसले मांसात रुतलेले दुफाटी काटे याला नसतात, मुलांना निर्धास्त द्यावा. रस्सा करायचा तर पाठीचे बोटभर जाड तुकडे शेवटी घाला, ७-८ मिनिटं पुरे. जास्त शिजला की चोथा. तळायला किंवा भाजायला पोटाचा भागच घ्या.

शेततळ्यातला मासा वर्षाला दहा किलोच्या घरात जातो, म्हणून पट्ट्या पातळ आणि एकसारख्या निघतात. हॉटेलवाल्यांना हे सोयीचं. पण चवीला मातकट वास येऊ शकतो आणि त्याचं कारण माशाच्या श्वासातच आहे: पाण्यात प्राणवायू कमी असला तरी हा मरत नाही, मग पाणी बदलायची घाई कोण करतो? शेवाळ आणि जिवाणू वाढतात, त्यांचा वास चरबीत मुरतो. काढण्यापूर्वी काही दिवस उपाशी, स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवलेला माल असेल तर वास जातो; विकत घेताना हाच प्रश्न विचारावा. भाव उतरत नाही त्याला दोन कारणं. खाद्यात प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास लागतात. आणि पिल्लं मिळवणं अवघड: नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, संप्रेरकाची सुई देऊन अंडी घालण्याची खात्री नाही, जोडीने आपण होऊन घरटं करावं लागतं. मग बाप पिल्लांना डोक्याभोवती घेऊन फिरतो आणि सगळी एकदम हवेला वर येतात. त्या क्षणी जाळ्याने उचलली नाहीत तर बगळे उचलतात.

खारवलेल्याला तिथे ‘अमेझॉनचा बाकाल्याव’ म्हणतात; बाकाल्याव म्हणजे पोर्तुगीजांचा खारवलेला कॉड मासा. गोव्याच्या वाचकांना तो शब्द परका नाही. मांसाच्या चादरी खड्या मिठात मुरवून उन्हात वाळवतात. चादर जाड राहिली तर मीठ मधोमध पोचत नाही आणि आतून सडते, म्हणून गुंडाळी उलगडायला लावाच. गुलाबी-तांबडे डाग म्हणजे मिठात वाढणारे जिवाणू. तो माल नको. घरी गार पाण्यात, फ्रिजमध्ये, २४ तास भिजवून पाणी चार वेळा बदला. त्यानंतर केळं, नारळाचं दूध आणि मॅनिऑकच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पिठासोबतचा ‘पिरारुकू दी काझाका’ छान होतो. आधी चव घेऊनच मीठ घाला.

खवल्यांच्या नखं घासायच्या कानशी, किसणीसारखी वापरायची हाडाळ जीभ आणि कातड्याच्या पर्सही मिळतात. हा मासा १९७५ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे, म्हणून देशाबाहेर नेताना परवान्याचा कागद सोबत हवा. अमेरिकेत हाच मासा ‘पैचे’ नावाने, बहुधा पेरूच्या शेततळ्यांतला, दिसेल. काढण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात ठेवला होता का, हा वरचाच प्रश्न तिथेही विचारा.

आपल्याकडे मात्र अ‍ॅक्वेरियमवाले ‘अरापायमा’ म्हणून याचंच वीतभर पिल्लू विकतात. ते घेऊ नये. वर्षभरात घरातली कुठलीही टाकी त्याला अपुरी पडते, शिवाय पाण्यावर मोकळी जागा राहिली नाही तर ते गुदमरतं. मग लोक नदीत सोडतात. २०१८ च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत सापडलेले अरापायमा असेच कुणाच्या तरी तळ्या-टाक्यांतून निसटलेले होते.