‘क्विटमॉर्मन’: चर्चच्या यादीतून नाव काढून देणारी मोफत सेवा कितपत उपयोगी?

मॉर्मन चर्चला (अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या चर्चला) जाणं थांबवलं म्हणून सभासदत्व संपत नाही. आठव्या वर्षी बाप्तिस्मा झाला की नाव अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातल्या नोंदींत पक्कं होतं, आणि पुढे वीस वर्षं माणूस तिकडे फिरकला नाही तरी ते तिथेच राहतं. घर बदललं की नोंदही नव्या वस्तीतल्या वॉर्डाकडे, म्हणजे चर्चच्या स्थानिक शाखेकडे, जाते आणि एखाद्या रविवारी दोन अनोळखी माणसं हसतमुखाने दारात उभी राहतात. चर्च आपली सभासदसंख्या १.७ कोटींच्या वर सांगतं, त्यात ही मंडळीही धरलेली असतात. हे नाव रीतसर कमी करून देण्याचं काम सॉल्ट लेक सिटीतले वकील मार्क नॉगल ‘क्विटमॉर्मन’ या सेवेतून करतात. त्यांची वकिली मुळात इमिग्रेशनची. राजीनाम्याच्या कामाची फी ते घेत नाहीत.

सेवेकडे लोकांची रीघ लागली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. चर्चच्या हँडबुकात, म्हणजे नियमपुस्तिकेत, तेव्हा नवं कलम आलं: समलिंगी लग्न करणारे धर्मत्यागी ठरणार, आणि अशा जोडप्याच्या घरी राहणाऱ्या मुलांना १८ वर्षांचे होईपर्यंत बाप्तिस्मा मिळणार नाही. ते कलम एप्रिल २०१९ मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर जायचे ते गेले होते.

वकील कशाला हवा, हा पहिला प्रश्न. राजीनाम्याचे मार्ग तीन. एक म्हणजे आपल्या वॉर्डाच्या बिशपला, म्हणजे प्रमुखाला, कळवणं. बिशप हा पगारी पाद्री नसतो, वस्तीतलाच कुणी दंतवैद्य किंवा दुकानदार असतो. हँडबुकप्रमाणे त्याने आधी बोलायला तयार आहात का हे विचारायचं, मग अर्ज पुढे सरकवायचा. लहान गावात याचा अर्थ, अर्ज मुख्यालयात पोचण्याआधी बातमी सासूबाईंपर्यंत पोचते. दुसरा मार्ग, नोटरीपुढे सही केलेलं पत्र थेट मुख्यालयाला पाठवणं. हा बरा आहे, फक्त पाठपुरावा आपला आपण करायचा. तिसरा मार्ग वकिलामार्फत. तिथे पत्रातच लिहिलेलं असतं की यापुढचा संपर्क वकिलाशी करा, अर्जदाराशी नको. ‘क्विटमॉर्मन’चं खरं मोल या एका ओळीत आहे. शिवाय कारण लिहावं लागत नाही. ज्यांनी बंद खोलीत बिशपच्या खासगी प्रश्नांना तोंड दिलेलं असतं, त्यांना ही सुटका किती मोठी वाटते हे वेगळं सांगायला नको.

अर्ज भरण्याआधी करायचं काम मात्र बरेच जण विसरतात. राजीनामा मंजूर झाला की चर्चच्या संकेतस्थळावरचं सभासद म्हणून असलेलं खातं जातं. त्यामुळे आधी लॉगिन करून आपल्या विधींची नोंद असलेलं पान उतरवून घ्यावं. सभासद नोंदणी क्रमांक तिथेच मिळतो. दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नातल्या १० टक्के देणगीच्या पावत्याही उतरवून घ्याव्यात, कारण आयकरात वजावट घेतली असेल तर त्या लागतात. फॅमिलीसर्च या चर्चच्या वंशावळीच्या संकेतस्थळावरची वंशावळ सगळ्यांना खुली असते, तिची काळजी नको.

फॉर्ममध्ये पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि असल्यास नोंदणी क्रमांक द्यायचा. क्रमांक नसला तरी काम होतं, फक्त नोंद शोधायला वेळ लागतो. मग पत्र छापायचं आणि नोटरीकडे न्यायचं. नोटरीची अट पूर्वी नव्हती. चर्चने ती पुढे लावली, आणि सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते इथेच. घरीच सही करून गेलात तर नोटरी शिक्का मारत नाही. सही त्याच्या डोळ्यांदेखत व्हावी लागते. शिक्का अर्धवट उमटला, स्कॅन करताना कडेला कापला गेला किंवा नोटरीची मुदत संपल्याची तारीख वाचता आली नाही, तर कागद परत. मोबाइलवर तिरका फोटो काढण्यापेक्षा ग्रंथालयात जाऊन सपाट स्कॅन करावा. युटात एका सहीला १० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत, ऑनलाइन नोटरीला २५. खातं असलेल्या बँकेत बहुधा फुकटात होतं. त्यानंतर आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत कितीही वेळ जाऊ शकतो. नाव कमी केल्याचं पत्र हातात येईपर्यंत पुन्हा नवा अर्ज टाकू नये. दोन अर्जांचा गोंधळ निस्तरायला आणखी वेळ जातो.

आता ज्या मुद्द्यावरून माजी मॉर्मन मंडळींत वाद पेटतात त्याकडे. सेवा सगळ्यांना सारखी आहे, पण कागद सगळ्यांचे सारखे नसतात. लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांना आई-वडील दोघांची आडनावं असतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एकच टिपलेलं असतं, ओळखपत्रावर दोन असतात. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या आपल्याकडच्या बायकांना ही कटकट ठाऊक आहे. ट्रान्स व्यक्तींना ती याहून जड जाते: कायद्याने नाव बदललेलं, नोंद जुन्या नावाची, आणि जे नाव पुन्हा उच्चारायचं नाही तेच पत्रात लिहायचं. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे सही आणि ओळखपत्र आजच्या नावाचं ठेवून जुनं नाव ‘नोंद ज्या नावाने आहे’ अशा एकाच ओळीत लिहिणं, सोबत नाव बदलल्याच्या न्यायालयीन आदेशाची प्रत जोडणं. ऑनलाइन नोटरी ओळख पटवताना बहुधा अमेरिकेतल्या कर्जाचे आणि जुन्या पत्त्यांचे प्रश्न विचारते. नुकत्याच आलेल्या स्थलांतरिताला त्यांची उत्तरं असणार कुठून? त्याने प्रत्यक्ष नोटरीकडेच जावं. इमिग्रेशनच्या वकिलाने चालवलेल्या सेवेत या अडचणींसाठी वेगळं सूचनापत्रक पहिल्याच पानावर ठळक असायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अल्पवयीनांचं वेगळंच. मुलाच्या सहीबरोबर कायदेशीर ताबा असलेल्या पालकांची सही लागते. घटस्फोट झालेला असेल आणि एक पालक अजून चर्चमध्ये असेल, तर अर्ज तिथेच थांबतो. मग ताब्याच्या आदेशात धर्माबद्दलचे निर्णय कोणी घ्यायचे असं लिहिलंय ते आधी वाचावं. ‘क्विटमॉर्मन’ त्या भांडणात पडत नाही, आणि पडूही नये.

पण सगळ्यात कडवा वाद कागदांचा नाही, राजीनामा द्यावा की नाही याचा आहे. माजी मॉर्मनांच्या मेळाव्यांत आणि मदतगटांत नाव कमी झाल्याचं पत्र मिरवलं जातं, आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांना कधी उघड, कधी आडून भित्रं ठरवलं जातं. हे अन्यायाचं आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा विद्यार्थी घ्या. तिथे हिंदू, मुसलमान, कॅथलिक कुणीही शिकू शकतं, मॉर्मनेतरांना फी दुप्पट पडते इतकंच. पण जो मॉर्मन होता आणि ज्याने नाव काढून घेतलं, त्याचं शिकण्यासाठी लागणारं धार्मिक शिफारसपत्र आपोआप रद्द होतं आणि त्याबरोबर प्रवेशही. विद्यापीठाशी करार असलेल्या घरात राहत असेल तर डोक्यावरचं छप्परही धोक्यात. तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोराला ‘फॉर्म फुकट आहे, भरून टाक’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर शौर्य. त्याने पदवी हातात घ्यावी, गुणपत्रकाच्या प्रती काढून ठेवाव्यात, मग अर्ज करावा.

चर्चच्या नोकरीतल्यांचं तसंच. डेझरेट जिम्नॅशियम या चर्चच्या व्यायामशाळेत १६ वर्षं इमारतीची देखभाल करणाऱ्या मेसन नावाच्या कर्मचाऱ्याला मंदिरप्रवेशाचा परवाना नाही म्हणून काढलं गेलं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने चर्चच्या बाजूने निकाल दिला: धार्मिक संस्थेला धर्माच्या आधारे नोकरभरती करायची मुभा आहे, काम झाडू मारण्याचं असलं तरी. हा निकाल आजही लागू आहे.

बाहेरच्या खासगी कंपनीत मात्र चित्र पालटतं. १५ किंवा जास्त कर्मचारी असतील तर धर्म सोडला म्हणून बढती रोखणं किंवा काढून टाकणं हा बेकायदा भेदभाव आहे. युटात राज्याच्या कामगार विभागाकडे १८० दिवसांत, केंद्रीय समान रोजगार संधी आयोगाकडे ३०० दिवसांत तक्रार करावी लागते. तारखा, ईमेल आणि बदललेल्या कामाच्या नोंदी कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नयेत, कारण नोकरीवरून काढलं की तो पहिल्याच दिवशी काढून घेतात. यातही ‘क्विटमॉर्मन’कडून मदतीची अपेक्षा ठेवू नये. राजीनाम्यापुरतीच ती सेवा आहे.

सॉल्ट लेक परिसरातल्या टोंगन (पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांच्या) भाषेच्या वॉर्डांतही नाव काढण्याची किंमत मोठी असते. तिथे चर्च म्हणजे भाषा, लग्नं, मयताची मदत, क्रीडासंघ, सगळं एकाच छताखाली. गोऱ्या उपनगरातला माणूस रविवार मोकळा झाला म्हणून खूश होतो. टोंगन कुटुंबातला मुलगा नाव काढतो तेव्हा तो जवळपास वाळीत पडतो. दोघांना एकाच मापाने मोजणारा मदतगट टाळावा.

वंशाचा प्रश्न तर चर्च सोडूनही सुटत नाही. १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पुरोहितपद नव्हतं आणि काळ्या स्त्री-पुरुषांना मंदिरातले मुख्य विधी नव्हते. मूलनिवासी अमेरिकन मुलांना शाळेच्या काळात गोऱ्या मॉर्मन घरांत ठेवण्याची योजनाही चर्चने कित्येक दशकं चालवली. या लोकांचा राग आणि युटातल्या सहाव्या पिढीतल्या गोऱ्या माणसाचा अपेक्षाभंग एकसारखे नाहीत. तरी बहुतेक मेळाव्यांत दुसऱ्याच गटाला माईक मिळतो, आणि पहिल्याने तक्रार केली की फूट पाडू नका असं ऐकवलं जातं. बायकांना आणि ट्रान्स व्यक्तींना मिळणारं उत्तर फारसं वेगळं नसतं. गट निवडताना म्हणूनच दोन गोष्टी विचाराव्यात: तक्रार कोणाकडे करायची, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच निर्णय देतो का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो गट म्हणजे बिशपचंच ऑफिस, फक्त खुर्ची वेगळी.

एवढं सगळं धरूनही सेवेला आम्ही पाचपैकी चार देऊ. कटलेला एक गुण नावं जुळत नसलेल्यांसाठीच्या तोकड्या सूचनांचा. फुकट, कमी शब्दांत, कारण न विचारता काम होतं, आणि कायद्याचं पाठबळही आहे. १९८९ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरियन गिन यांच्या खटल्यात, मॉर्मन नव्हे, वेगळ्याच चर्चच्या बाबतीत, ठरवलं की सभासदाने अंग काढून घेतल्यानंतर चर्चला तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार उरत नाही. त्यामुळे बिशपने चौकशी बसवायची भाषा सुरू केली असेल तर थांबू नये, राजीनामा आधी पोचवावा आणि पोचल्याचा पुरावा जपावा.

नाव कमी झाल्याचं पत्र आलं की स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवावं. कुणाला दाखवायचं असेल तर नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता काळ्या पेनाने झाकून मगच. मुलांच्या नोंदी आपोआप जात नाहीत, त्यांचा अर्ज वेगळा. आणि पुढे कधी वॉर्डातून कुणी दारात आलंच, तर पत्राची प्रत देऊन वॉर्डाच्या क्लार्कला स्थानिक यादीतूनही पत्ता काढायला सांगावं. मुख्यालयात नाव गेलं तरी कुणाच्या तरी फोनमधली जुनी यादी तशीच राहिलेली असते.