पोस्टक्रॉसिंग: सेवा उत्तम, पण आयडी नीट लिहा

पोस्टक्रॉसिंग म्हणजे जगभरातल्या अनोळखी लोकांमध्ये पोस्टकार्डांची देवाणघेवाण घडवणारी वेबसाइट. जुलै २००५मध्ये पोर्तुगालमधून सुरू झालेली ही सेवा फुकट आहे. खर्च कार्डाचा आणि तिकिटाचा. पत्ता मागितला की एका अनोळखी सदस्याचा पत्ता आणि एक आयडी हाती येतो: देशाची दोन अक्षरं, पुढे आकडा. कार्ड पोचल्यावर समोरचा तो आयडी नोंदवतो आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. ज्याला लिहिलं त्याच्याकडूनच उत्तर हवं असेल, तर ही सेवा तुमच्यासाठी नाही.

घोळ होतो तो आयडीतच. उजवीकडे वर तिकिटावर शिक्का बसतो, खालच्या कडेला टपालखात्याचं छाननीचं यंत्र बारकोड छापतं. दोन्हीकडचं अक्षर मरतं. म्हणून आयडी डाव्या अर्ध्या भागात आणि दोनदा लिहावा, एकदा वर, एकदा मजकुराखाली. युरोपात १ च्या इंग्रजी आकड्याला वर लांब शेपूट देतात, तो कित्येकांना ७ वाटतो. इंग्रजी ७ च्या पोटात आडवी रेघ मारली की प्रश्न मिटतो.

दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेलं कार्ड टाळा. जेल पेनाची शाई त्यात मुरत नाही, वर तशीच ओली राहते आणि अंगठा लागला की आकडे पसरतात. मागची बाजू मॅट असली की साधं बॉलपेनही छान चालतं. आकार ए६, म्हणजे १०५ × १४८ मिमी, सगळ्यात बिनधोक. गोल किंवा कापीव आकारांची कार्डं यंत्रात नीट जात नाहीत आणि त्यांना जास्तीचं तिकीटही लागू शकतं. पत्ता दिला आहे तसाच, ओळींचा क्रम न बदलता उतरवा. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या इंग्रजी अक्षरांत.

नव्या सदस्याला एका वेळी ५ कार्डंच वाटेत ठेवता येतात; कार्डं पोचत गेली की मर्यादा वाढते. पाचही लांबच्या देशांची निघाली, तर सुरुवातीचे काही आठवडे नुसती वाट बघावी लागते, हा खरा तोटा. ६० दिवसांनी न पोचलेल्या कार्डाची जागा मोकळी होते, तरी वर्षभरात ते मिळालं तर नोंदवता येतं. घरचा पत्ता अनोळखी माणसांकडे जातो, हे मान्य नसेल तर पोस्ट बॉक्स घ्या.

आलेलं कार्ड मात्र त्याच दिवशी नोंदवा. तोवर पाठवणाऱ्याची एक जागा अडकलेली असते.