स्पायडर गॅस्केट, ६८० रुपये: आमच्या टाकीचं पाणी कुठे जात होतं

आधी वस्तू काय ते सांगते, कारण गेल्या एप्रिलपर्यंत मलाही ती माहीत नव्हती. स्विमिंग पूलच्या वाळूच्या फिल्टरवर, डोक्यावर टोपी घालावी तसा एक काळा व्हॉल्व्ह असतो. त्याला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह म्हणतात. त्याच्या पोटात बैलगाडीच्या चाकासारखं, आऱ्या असलेलं एक रबर बसवलेलं असतं. ते स्पायडर गॅस्केट. आमचं दीड इंची टॉप-माउंट, म्हणजे फिल्टरच्या डोक्यावर बसणाऱ्या, व्हॉल्व्हचं, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ६८० रुपयांना घेतलेलं. वापरून आठ महिने झाले. पाचपैकी चार तारे देते. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

अलिबागजवळ नागावला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत चार खोल्यांचा होमस्टे. पाहुण्यांना समुद्र दहा मिनिटांवर असला तरी पूल लागतोच, म्हणून सहा वर्षांपूर्वी २० बाय १० फुटांचा, चार फूट पाण्याचा बांधून घेतला. सासूबाई त्याला अजून टाकीच म्हणतात. घरचे सगळे पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले, तेव्हा या निळ्या फरशीच्या डबक्याबद्दल त्यांना काडीचा आदर नाही.

एप्रिलमध्ये टाकीचं पाणी रोज उतरायला लागलं. उन्हाळ्यात थोडं उडतंच, पण आमच्या केअरटेकरला दर दुसऱ्या दिवशी विहिरीचा पंप लावून टाकी भरावी लागायची आणि विहिरीचा तळ दिसायला आला होता. म्हणजे यापुढे टँकर. मी २६ वर्षं बँकेत कॅश सांभाळली आहे. संध्याकाळी टॅली झाल्याशिवाय घरी गेले नाही कधी. इथे रोज पाणी कमी पडत होतं आणि कुठे गेलं ते कोणी सांगत नव्हतं.

उडतं किती आणि गळतं किती, हे बघायची एक सोपी रीत आहे. सोमवारी पाहुणे गेल्यावर टाकीचंच पाणी बादलीत भरलं, बादली टाकीच्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवली, बादलीच्या आत आणि टाकीच्या फरशीवर पाण्याच्या पातळीला खूण केली. बादली पाण्यातच ठेवायची, बाहेर उन्हात नाही, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखंच तापतं. चोवीस तासांनी बादलीतलं पाणी पाव इंच उतरलं होतं, टाकीतलं सव्वा इंच. फरक एक इंच. २०० चौरस फुटांवर एक इंच म्हणजे पावणेपाचशे लिटरच्या आसपास. रोज!

ते कुठे जात होतं हे सापडलं कावळ्यांमुळे. फिल्टर धुताना, म्हणजे बॅकवॉश करताना, घाण पाणी ज्या पाइपातून बाहेर जातं तो आम्ही जमिनीखालून वाडीत नेऊन एका नारळाच्या आळ्यात सोडला आहे. एप्रिलच्या दुपारी सगळी वाडी करपलेली असताना त्या आळ्यात कावळे अंघोळ करत होते. शेजारच्या केळीला हा एवढा घड. केअरटेकरला वाटलं, ठिबकची नळी फुटली असेल. मी पाइपाच्या तोंडाशी गेले तर पेन्सिलीएवढी धार चालू. लिटरची बाटली धरली, घड्याळ बघितलं, मिनिटभरात भरली. पंप दिवसाला आठ तास चालतो. आठ तासांची ४८० मिनिटं, ४८० लिटर. कॅश टॅली झाली.

पंप बंद केला की धार तुटायची. फिल्टरची खोली पाण्याच्या पातळीपेक्षा वर असल्यामुळे आमच्याकडे तसं झालं. ज्यांचा फिल्टर टाकीपेक्षा खाली असेल त्यांच्याकडे पंप बंद असतानाही पाणी जात राहू शकतं, हे लक्षात ठेवा.

पूलचं काम बघणाऱ्या एका कंपनीचा माणूस बोलावला. भेटीचे ८०० रुपये. त्याने हँडल दोनदा इकडेतिकडे केलं आणि म्हणाला, "मॅडम, व्हॉल्व्ह गेला. नवा टाकावा लागेल. नऊ हजार, आणि पाइप कापायला लागतील ते वेगळे." पाइप कापायचे कारण आमच्याकडे व्हॉल्व्हला युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) न लावता तिन्ही पाइप सरळ सोल्युशनने चिकटवलेले. (पूल बांधून घेणार असाल तर युनियन लावून घ्या. तेव्हा ठेकेदार दोनचारशे रुपये वाचवतो आणि नंतर आपण करवत शोधत बसतो.) मी विचारलं, आत काय बिघडलंय? तर म्हणाला, "आतलं रबर असेल, पण ते वेगळं मिळत नाही."

मिळतं.

थोडं आतलं सांगते, म्हणजे गॅस्केट का महत्त्वाचं ते कळेल. या व्हॉल्व्हला सहा जागा असतात: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट आणि क्लोज्ड. हँडल फिरवलं की आतली चकती फिरते आणि पाण्याला वेगळी वाट मिळते. या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवायचं काम चाकाच्या आऱ्या करतात, वरून स्प्रिंग चकतीला त्यांच्यावर दाबून धरते. एखादी आरी खाचेतून उठली की फिल्टरकडे जाणारं पाणी तिच्याखालून निसटतं आणि वेस्टच्या, म्हणजे घाण पाण्याच्या, पाइपाला लागतं. वरून काहीच दिसत नाही. फरशी कोरडी, व्हॉल्व्ह कोरडा, आणि पाणी नारळाला.

पहिलं गॅस्केट ऑनलाइन मागवलं, ‘सर्व दीड इंची व्हॉल्व्हना चालेल’ असं लिहिलेलं. चाललं नाही. आऱ्या खाचेत बसेनात. परत पाठवलं, पैसे आले, त्यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

मग जुना तुकडा डब्यात घालून मांडव्याहून रो-रो बोट पकडली. तासाभरात भाऊचा धक्का, तिथून टॅक्सीने नागदेवी. मुंबईत कारखान्याला लागणारं बेअरिंग, बोल्ट, रबर, काय वाटेल ते या गल्लीत मिळतं आणि तिथे बाईमाणूस एकटी दिसली की हातगाडीवालेसुद्धा बाजूला होऊन वाट देतात. तिसऱ्या दुकानात माझं काम झालं. गाळा एवढा अरुंद की मालक बसल्या जागेवरून दोन्ही भिंतींना हात लावू शकेल. त्याने पहिला प्रश्न विचारला, "भाभी, पुराना पीस लाए हो?" मी डबा उघडला. तो खूश. व्हर्नियर काढून बाहेरचा व्यास मोजला, आऱ्यांची जाडी मोजली, व्हॉल्व्ह टॉप-माउंट की साइड-माउंट ते विचारलं, आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं. पाच मिनिटांत गॅस्केट समोर. झाकणाची मोठी ओ-रिंग (पाणी अडवणारं गोल रबर) आणि हँडलच्या दांड्याच्या दोन छोट्या ओ-रिंगा त्याने न मागता बाजूला काढल्या, "खोलोगे तो ये भी बदल दो." सगळ्या मिळून ९० रुपये. सिलिकॉन ग्रीसची ट्यूब १६०. व्हॅसलिन लावायचं नाही, असं दोनदा बजावलं, कारण पेट्रोलियमचं काहीही लावलं की असलं रबर फुगतं. माझ्या डोक्यात नेमकं व्हॅसलिनच होतं.

आता पाचवा तारा. पाकिटात कागदाचा कपटासुद्धा नव्हता. कुठली बाजू वर, कुठली खाली, काही नाही. शिवाय साच्यातून काढताना राहिलेली रबराची पातळ झालर दोन आऱ्यांच्या कडेला तशीच होती. ती ब्लेडने अलगद कापावी लागली, नाहीतर आरी खाचेत पूर्ण बसत नाही. ६८० रुपयांत एवढी सफाई त्यांनी करायला हवी होती.

बसवायचं काम केअरटेकर आणि मी, दोघांनी केलं. पंपाचा स्टार्टर बंद, मेन स्विचही बंद, टाकीकडून येणारा आणि टाकीकडे जाणारा असे दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद, फिल्टरमधली हवा सोडून प्रेशर गेजचा काटा शून्यावर. मग झाकणावर आणि खालच्या भांड्यावर मिळून मार्करने एक उभी रेघ मारली. ही रेघ विसरू नका. झाकण गोल असतं, ते फिरवून कसंही बसतं, आणि मग हँडल ‘फिल्टर’ दाखवतं पण पाणी भलतीकडे जातं.

आठ स्क्रू काढले की झाकण, स्प्रिंग, चकती सगळं एकत्र वर येतं. जुना तुकडा काढायला पहिल्यांदा उघडलं होतं, तेव्हाच आत बघून कंपनीच्या माणसाची कीव आली होती. दोन आऱ्या खाचेतून उठून मुरडलेल्या, एकीच्या खाली वाळूचे खडे, आणि रबर इतकं कडक की बोट लावलं की बोट काळं. बाकी व्हॉल्व्ह ठणठणीत.

जुनं रबर काढल्यावर खाच साफ करायला स्क्रू-ड्रायव्हर वापरायचा मोह होतो. वापरू नका, प्लॅस्टिकला ओरखडा गेला की तिथून आयुष्यभर गळणार. आम्ही जुना टूथब्रश आणि नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी वापरली. नवं गॅस्केट जुनं जसं बसलं होतं तशाच बाजूने बसवलं (मी आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, म्हणून जमलं). काही कंपन्यांचं गॅस्केट चिकटवलेलं असतं. आमच्या खाचेत चिकटवल्याची खूण नव्हती, म्हणून आम्हीही तसंच बसवलं. वरून ग्रीसचा हलका हात. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. एकच बाजू कचकचून आवळली की झाकणाला तडा.

पंप चालू केला. नारळाच्या आळ्यातली धार बंद! मी तिकडे उभी राहून टाळ्या वाजवतेय, आणि इकडून केअरटेकर ओरडतोय, "वहिनी, हँडलखालून पाणी येतंय!" पुन्हा सगळं बंद. हे कसं झालं याचा विचार करत आम्ही उभे, तेवढ्यात सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "हे बांगडीसारखं काय ठेवलंय गं माझ्या पानाच्या तबकात?" दांड्याची एक ओ-रिंग. मीच ठेवली होती, हरवू नये म्हणून.

पुन्हा उघडून बसवायला वीस मिनिटं लागली, आधी दोन तास लागले होते. त्यानंतर बादलीची परीक्षा पुन्हा केली. बादली पाव इंच, टाकी पाव इंच.

जुनं गॅस्केट का उठलं, तेही लिहिते, जरी लिहायला आवडत नसलं तरी. पंप चालू असताना हँडल फिरवलं की पाण्याचा जोर आऱ्यांच्या खाली शिरतो आणि त्या उचलतो. मार्चमध्ये एका शनिवारी ठाण्याचं एक कुटुंब पोहायचे कपडे घालून काठावर उभं होतं, पाणी गढूळ होतं, आणि मी घाईघाईत पंप चालू ठेवूनच हँडल बॅकवॉशवरून फिल्टरवर ओढलं. आतून कट्ट असा आवाज आलेला मला आठवतो. मी केअरटेकरला सहा वर्षं हेच करू नको म्हणून सांगत आले आहे. त्याला अजून खरं कारण सांगितलेलं नाही, पण स्टार्टरच्या डब्यावर ‘आधी पंप बंद, मग हँडल’ अशी पाटी मी स्वतः रंगवली आहे आणि तो ती बघून गालात हसतो, म्हणजे त्याला कळलं असावं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर टाकी बंद होती. त्या दुकानदाराच्या सांगण्यावरून हँडल दोन खुणांच्या मध्ये ठेवलं, म्हणजे स्प्रिंगचा दाब महिनोन्‌महिने रबराच्या त्याच त्या जागांवर राहत नाही. मेन स्विचचा फ्यूज काढून खिशात, कारण अशा वेळी कोणी चुकून पंप लावला तर कल्याण. दिवाळीच्या सुट्टीपासून पुन्हा रोज आठ तास चालू आहे, थेंबही नाही.

तुमच्या व्हॉल्व्हच्या भांड्यालाच तडा असेल किंवा चकती वाकलेली असेल, तर हे घेऊ नका, फुकट जाईल. टाकीत वाळू येत असेल तर फिल्टरच्या तळाच्या नळ्या तुटल्या आहेत का ते आधी बघा. पण पाणी वेस्टच्या पाइपातून जात असेल आणि कोणी नऊ हजार म्हणत असेल, तर आधी झाकण उघडा आणि जुना तुकडा बरोबर घेऊन नागदेवीला जा. रविवारी जाऊ नका, गल्ली बंद असते. माझा सामानाचा सगळा खर्च ९३० रुपये; रो-रोचं तिकीट, टॅक्सी आणि कंपनीच्या माणसाच्या भेटीचे ८०० वेगळे.

घरात फक्त सासूबाई नाराज आहेत. त्या केळीला या खेपेला घड धरला नाही. परवा जेवताना म्हणाल्या, "तुझ्या टाकीला एवढं पाणी असतं, तर ती नळी थोडी गळती ठेवायला काय झालं होतं?"