ह्युमिडिटी मीटर घेताय? घ्या, पण आधी मिठाच्या डब्यात घाला

पाऊस लागला की भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी आणि डब्यात गूळ पाझरायला लागतो, हे कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. मला काळजी होती कॅमेऱ्याच्या लेन्सची, म्हणून शाहूपुरीतल्या एका दुकानातनं हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारे दोन डिजिटल मीटर आणले, बिनब्रँडचेच, अडीचशेला एक. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर एक दाखवतोय ७७ आणि दुसरा ८६! दुकानदाराला फोन केला तर म्हणाले, "हवेचं हाय ते, चार-पाच इकडंतिकडं व्हायचंच की."

खोटं बोलत नव्हते ते. खोक्यावरच प्लस-मायनस ५ टक्के छापलंय, म्हणजे एक पाचनं खाली आणि दुसरा पाचनं वर गेला तरी कंपनी मोकळी. पण मग खरा आकडा कुठला?

त्याला उपाय स्वयंपाकघरातच आहे. बाटलीच्या झाकणात साधं बारीक मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी टाकत ओल्या वाळूसारखं करायचं, वर पाणी तरंगता कामा नये, मीठ विरघळलं तर संपलं सगळं. ते झाकण आणि मीटर घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवायचे, मीठ मीटरला लागू द्यायचं नाही, आणि रात्रभर डबा उघडायचाच नाही. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, २० डिग्री असो नाहीतर ३०, अर्ध्या टक्क्याचासुद्धा फरक पडत नाही. फक्त डबा उन्हात किंवा फ्रिजवर नको, तिथं तापमान हलतं. खडेमीठही नको, त्यातल्या मॅग्नेशियममुळं आकडा खाली येतो. आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेपण ह्याच ७५ च्या वर हवा गेली की.

सकाळी बघितलं तर पहिला ७१ आणि दुसरा ८०. परत लावून बघितलं, तेच आकडे, आणि ही गोष्ट मला लई आवडली, कारण चुकतोय पण रोज तेवढाच चुकतोय असा मीटर वापरता येतो. ह्यात कॅलिब्रेशनचं, म्हणजे आकडा जुळवून घ्यायचं, बटण वगैरे काही नाही, म्हणून मागं पट्टी चिकटवून एकावर 'अधिक ४' आणि दुसऱ्यावर 'वजा ५' लिहून टाकलं. काट्याचे जुने मीटर असतात त्यांना बऱ्याचदा मागं स्क्रू असतो, तो फिरवून काटा ७५ वर आणता येतो.

एक मात्र आहे, ही दुरुस्ती ७५ च्या आसपासची. लेन्सच्या डब्यात सिलिका जेल टाकून मी ४५ च्या आसपास ठेवतो, तिथं फरक नेमका तेवढाच असेल असं नाही, म्हणून तिथं अंदाजानंच चालायचं, साठच्या खाली राहिलं म्हणजे झालं.

स्क्रीनवर हसरा-रडका चेहरा येतो तो निव्वळ टाईमपास आहे, जुलैभर रडतच असतोय बिचारा. अडीचशेत पैसे वसूल, पाचातले साडेतीन स्टार. दीड कापला कारण बटण सेलचं झाकण इतकं लेचंपेचं आहे की नखानं उघडताना खाचच तुटली, आता सेलोटेपवर चाललंय.